उंची वाढवून मिळेल

आम्ही शाळेत होतो तेव्हा साप्ताहिकांच्या मागच्या पानांवर उंची वाढवायच्या औषधाची जाहिरात हमखास असायची. शेजारी शेजारी दोन चित्रं. एकात खांदे पाडून उभा असलेला बुटका, दुसऱ्यात तोच माणूस ताठ, हसरा आणि का कोण जाणे, कोट घातलेला. आमच्या वर्गातल्या एकाने मनिऑर्डर करून ती बाटली मागवलीसुद्धा होती. उंची काही वाढली नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर त्याने टाचेचे बूट घेतले आणि विषय मिटवला.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या शनिवारी आमच्या घरी झालेलं भांडण. (अगदी भांडण नाही, पण आमटी गार होईपर्यंत चाललं.) इथे डेन्व्हरमध्ये आमची चार-पाच मराठी घरं अशी आहेत की सुट्टी मिळाली की ट्रक काढून डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या रस्त्यांवर निघतात. ट्रक म्हणजे आपल्याकडचा मालट्रक नव्हे, पिकअप. मागे उघडा हौदा, पुढे चार-पाच जण बसतील अशी केबिन. आमच्यातल्या एकाने नुकतीच सेकंडहँड पिकअप घेतली आणि जेवताना सहज विचारलं, "बॉडी लिफ्ट करू की सस्पेन्शन लिफ्ट?"

झालं! दोन तट पडले. एक म्हणाला, "बॉडी लिफ्ट? अरे ती काय लिफ्ट आहे? टाचेचे बूट आहेत ते!" दुसरा म्हणाला, "पैसे कमी असतील तर बॉडी, असतील तर सस्पेन्शन, त्यात विचार काय करायचा?" ज्याने प्रश्न विचारला होता त्याला कोणी एकदाही विचारलं नाही, की बाबा रे, तुला गाडी उंच कशाला करायची आहे?

मी गप्प बसलो, कारण वाढायचं काम माझ्याकडे होतं. पण ब्लॉग माझा आहे आणि इथे आमटी गार व्हायची भीती नाही, तेव्हा आता बोलतो.

ज्यांना गाडीचा गंध नाही अशा माझ्या समस्त नातेवाइकांसाठी आधी थोडी बाराखडी. पिकअप ही दोन भागांत बनलेली असते. खाली लोखंडी चौकट, म्हणजे चॅसी. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, चाकं सगळं त्या चौकटीला लागलेलं. तिच्यावर केबिन आणि हौदा वेगळे ठेवून बोल्टने आवळलेले, मध्ये रबराची बुशिंग. बॉडी लिफ्ट म्हणजे या सांध्यांमध्ये कडक प्लॅस्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे घालायचे, बोल्ट लांब वापरायचे आणि केबिन व हौदा एक ते तीन इंच वर उचलायचे. चौकट, इंजिन, चाकं होती तिथेच राहतात. पाटावर दुसरा पाट ठेवून त्यावर बसावं, तसं. बसणारा उंच होतो, जमीन आणि पहिला पाट जागच्या जागी.

सस्पेन्शन लिफ्टमध्ये चौकट आणि चाकं यांच्यातलं अंतर वाढवतात. पुढे जास्त लांबीच्या किंवा जास्त ताठ स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक ॲब्झॉर्बर, मागे नवे पाटे. इथे चौकटीसकट सगळी गाडी वर जाते.

एवढं कळलं की पहिली थाप लगेच उघडी पडते. थाप अशी, की लिफ्ट केली की गाडीखालची जागा वाढते आणि मोठे दगड खालून निघून जातात.

मागचा ॲक्सल अखंड असेल तर मध्यभागी जो मोठा गोळा लोंबतो, डिफरन्शियलचा, तोच बहुतेक वेळा गाडीचा सगळ्यात खालचा भाग असतो. तो चाकांच्या मधोमध बसलेला आहे. बॉडी लिफ्ट केली तरी तो तिथेच. सस्पेन्शन लिफ्ट सहा इंचांची केली तरीही तो तिथेच! स्प्रिंग त्याच्या वर आहेत, खाली नाहीत. त्याला वर उचलू शकते अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे टायर. तेही निम्म्याने, कारण ॲक्सल टायरच्या मध्यातून जातो. व्यास दोन इंच वाढवला तर गोळा एक इंच वर.

माझीच २००३ ची टॅकोमा घ्या. तिचे मूळचे टायर २६५/७० आर १६, म्हणजे सुमारे ३०.६ इंच व्यासाचे. पुढचा माप २६५/७५, सुमारे ३१.६ इंच. गोळा अर्धा इंच वर. आणि हौस म्हणून थेट २८५/७५ बसवले, तर ३२.८ इंच. गोळा जेमतेम सव्वा इंचाच्या आत वर. म्हणजे एवढा खर्च, एवढी कापाकापी, आणि ज्या जागेसाठी सगळं चाललं होतं ती तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी वाढली. शिवाय स्पीडोमीटर सात टक्के खोटं बोलायला लागतो. काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ६४ ने पळत असते. इंजिनाला तेच चाक फिरवायला जास्त जोर लागतो, आणि ब्रेकला तेच थांबवायला.

थोडक्यात, दोन्ही लिफ्टचं मुख्य काम मोठ्या टायरला जागा करून देणं हे आहे. सस्पेन्शन लिफ्ट त्याशिवाय चौकटीचं पोट वर उचलते. खडकाच्या कण्यावरून जाताना पोट टेकू नये म्हणून ते उपयोगाचं, आणि तो तिचा खरा गुण. पण ‘बॉडी खोटी, सस्पेन्शन खरी’ हे वाक्य मात्र मला मान्य नाही.

कारण आता दुसरी थाप. बॉडी लिफ्टला शिव्या घालणारे तिला टाचेचे बूट म्हणतात. ठीक आहे, म्हणा. पण टाचेचे बूट गुडघ्याचं ऑपरेशन करत नाहीत! बॉडी लिफ्ट स्प्रिंगला हात लावत नाही, चाकाचे कोन बदलत नाही, पुढच्या ॲक्सलचे सांधे वाकवत नाही. गाडी काल जशी चालत होती तशीच आज चालते. इंजिन, गिअरबॉक्स, चौकट असं सगळं वजनदार सामान खालीच राहिल्यामुळे तीन इंच बॉडी लिफ्टने गुरुत्वमध्य पूर्ण तीन इंच चढत नाही. सस्पेन्शन लिफ्टने मात्र चाकं आणि ॲक्सल सोडून उरलेलं सगळंच वर जातं.

अजून एक गोष्ट, जिचा कोणी उल्लेखही करत नाही. बंपर बहुधा चौकटीला लागलेला असतो. बॉडी लिफ्टनंतर तो मुद्दाम वर नेला नाही, तर मूळच्या उंचीवरच राहतो. केबिन वर आणि बंपर खाली, मधून चौकट दिसते. पँट आखूड झाल्यावर मोजे दिसावेत तसं. लोक याला हसतात. पण या देशात साध्या मोटारींचे बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात धक्का झेलतील असे असावे लागतात, आणि पिकअपना तो नियमच लागू नाही. तेव्हा सहा इंच उचललेल्या ट्रकचा बंपर समोरच्या छोट्या मोटारीला कुठे लागेल? तिच्या बंपरला नाही, तिच्या दाराला. दारात कोण बसलेलं असतं ते मी सांगायला नको. हसण्यासारखे दिसणारे मोजे परवडले.

याचा अर्थ मी बॉडी लिफ्टचा प्रचारक आहे असा नाही हं. तीन इंचांच्या बॉडी लिफ्टची गुपितंही बाजारात कोणी सांगत नाही. स्टिअरिंगचा दांडा लांब करावा लागतो. रेडिएटर केबिनच्या बाजूबरोबर वर जातो, पण पंखा इंजिनाला लागलेला म्हणून खालीच राहतो, मग पंख्याभोवतीचं कवच खाली आणावं लागतं. पेट्रोल भरायची नळी, ब्रेकच्या नळ्या, अर्थिंगच्या वायरी, गिअरचा दांडा, सगळं ताणलं जातंय का ते एकेक बघायचं. आणि लांब बोल्टवर उभी केलेली केबिन अपघातात मूळच्या बोल्टवरच्या केबिनसारखी वागेल अशी हमी मला कोणी देऊ शकलेलं नाही. एका इंचाला माझी हरकत नाही. तीन इंचांना आहे.

आता तिसरी थाप, जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला बसलो. आणि इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागणार आहे.

‘सस्पेन्शन लिफ्ट’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, खरोखर नव्या स्प्रिंग, नवे शॉक, मागे नवे पाटे. ती महाग. दुसरी म्हणजे जुनी स्प्रिंग आणि जुना शॉक तसाच ठेवून त्यांच्या डोक्यावर एक ठोकळा बसवायचा. स्पेसर. ती स्वस्त. म्हणजे बॉडी लिफ्टमध्ये जो ठोकळा घातला म्हणून आपण नाकं मुरडतो, तोच ठोकळा इथे दुसऱ्या जागी घातला की त्याला प्रतिष्ठित नाव मिळतं! आणि जागा तर अशी की नुकसान जास्त.

कसं ते सांगतो. पुढची चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. प्रत्येकाला फिरवणारा दांडा वाकत्या सांध्यातून येतो, त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. तो किती कोनात वाकेल याला मर्यादा आहे. डोक्यावर ठोकळा बसला की चाक कायमचं खाली ढकललं जातं. म्हणजे सांधा साध्या रस्त्यावर उभा असतानाच वाकलेला. आणि चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं की तो कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेच्या बाहेर जातो. वरचा बॉल जॉइंटही तसाच ताणला जातो. बरं, एवढं करून चाकाचा वरखाली होण्याचा एकूण पल्ला वाढला का? एक सूतही नाही. शॉक तोच, पल्ला तोच, फक्त खाली सरकलेला. ऑफ-रोडिंगचं मर्म म्हणजे चारही चाकं जमिनीला टेकलेली राहणं, आणि त्यात शून्य फायदा.

हे ज्ञान मला कुठून आलं? खिशातून आलं.

२०१७ च्या जूनमध्ये मी माझ्या ट्रकला पुढे तीन इंचांचे स्पेसर आणि मागे ॲक्सल व पाट्यांच्या मध्ये तीन इंचांचे ठोकळे बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच करतात." मीही कौतुकाने मान डोलावली. खरं सांगायचं तर मला माझा ट्रक ऑफिसच्या पार्किंगमध्ये शेजारच्या ट्रकपेक्षा ठेंगणा दिसतो याचा त्रास व्हायचा. कारण एवढंच होतं. डोंगराचा काही संबंध नव्हता.

त्याच ऑगस्टमध्ये आई-बाबा पुण्याहून आले होते. त्यांना ‘आल्पाइन लूप’ दाखवायचा माझा फार दिवसांचा बेत. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येला यूरे, सिल्व्हरटन आणि लेक सिटी या गावांमधून जाणारा सुमारे ६५ मैलांचा वळसा. खाणींच्या काळातले खेचरांच्या गाड्यांचे जुने रस्ते. वाटेत इंजिनिअर पास आणि सिनॅमन पास या दोन खिंडी, दोन्ही साडेबारा हजार फुटांच्या वर. ऑगस्टमध्ये फुलं असतात, खाली दरीत बर्फाचे उरलेसुरले तुकडे असतात, आणि ढग तुमच्या पायाशी. आपल्या घाटांत वाढलेल्या माणसाला वेड लागेल असं ठिकाण.

सकाळी निघताना आई ट्रकच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, यात चढायचं कसं?" तिचा उजवा गुडघा तेव्हाही दुखायचा. मी गॅरेजमधलं प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, तिला हात दिला, बाबांनी मागून आधार दिला. बसली. स्टूल हौद्यात टाकलं. पहिल्या थांब्यावर पुन्हा स्टूल. दुसऱ्या थांब्यावर पुन्हा. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुम्ही बघून या, मी बसते इथेच. इथूनही छान दिसतंय."

तो तिसरा थांबा म्हणजे ॲनिमस फोर्क्स. अकरा हजार फुटांवरचं खाणकामगारांचं ओसाड गाव, लाकडी घरं अजून उभी आहेत. आई ते गाव खिडकीतून बघत होती. मी आणि बाबा घरांमधून फिरून परत आलो तेव्हा ती आमच्याकडे बघून हात हलवत होती.

बाबा एसटीच्या डेपोत वर्कशॉपला होते. परत आल्यावर ते ट्रकमध्ये बसेनात. पुढच्या चाकाशी वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "रिमला आतून ग्रीस कसलं रे?"

सीव्ही जॉइंटवर घडीघडीची रबरी पिशवी असते, आत ग्रीस. सांधा कायम वाकलेला राहिला की घड्या एकमेकींवर घासून फाटतात. माझी फाटली होती. नवीन ठोकळे बसवून पुरे अडीच महिने झाले नव्हते. बाबा आता गाडीखाली उताणे झाले होते (वय वर्षं ७१, उंची अकरा हजार फूट!) आणि तिथूनच त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "मागच्या ब्रेकचा हा दांडा मोकळा का लोंबतोय?"

हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्यासारख्या जुन्या पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून एक दांडा ब्रेकच्या एका व्हॉल्व्हपर्यंत जातो. हौद्यात माल भरला की मागची बाजू दबते, दांडा वर सरकतो, आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. हौदा रिकामा असला की कमी. मी मागे तीन इंच उचलल्यावर त्या बिचाऱ्या दांड्याला वाटलं, गाडी कायम रिकामीच आहे. प्रत्यक्षात आत चार माणसं, दोन दिवसांचं सामान आणि समोर चार हजार फुटांचा उतार. मागचे ब्रेक जेवढे लागायला हवे होते तेवढे लागत नव्हते, आणि मी दोन महिने तो ट्रक तसाच चालवत होतो.

सिनॅमन पास रद्द केला. पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने सिल्व्हरटनपर्यंत उतरलो. काही झालं नाही. ‘काही झालं नाही’ हे तीन शब्द लिहिताना आजही माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं.

स्पेसरला दीडशे डॉलर लागले होते. ते काढून दोन्ही ॲक्सल, वरचे बॉल जॉइंट, अलाइनमेंट आणि मजुरी यात त्याच्या आठपट गेले. पण तो हिशोब महत्त्वाचा नाही. आई-बाबा त्यानंतर एकदाही अमेरिकेत आले नाहीत, आता येणंही शक्य नाही. इंजिनिअर पासची फुलं आईला मी खिडकीतून दाखवली. ठेंगणा दिसणारा माझा मूळचा ट्रक असता तर ती स्टुलाशिवाय उतरली असती. आणि मूळचा ट्रक त्या रस्त्यावर आरामात गेला असता. सरकारी माहितीतही त्या रस्त्याला फोर-व्हील-ड्राइव्ह आणि बऱ्यापैकी ग्राउंड क्लिअरन्स पुरे असंच सुचवलेलं असतं. लिफ्टची अट कुठेच नसते.

आता मला माहीत आहे, कोणीतरी म्हणणार, "तू स्वस्तातलं घेतलंस, म्हणून. महागातली किट घे, सहा इंचांची, सगळं ब्रॅकेटसकट." मान्य, त्या किटमध्ये पुढचं डिफरन्शियलच खाली उतरवतात, त्यामुळे सांध्यांचे कोन जागेवर राहतात. पण अहो, डिफरन्शियल खाली उतरवलं! ज्याला दगड लागू नये म्हणून गाडी उचलली, तोच भाग पुन्हा खाली आणला. हे म्हणजे पूर येतो म्हणून घराला माळा बांधायचा आणि सामान तळघरात ठेवायचं.

आणि उलटण्याचं काय? गाडी किती सहज उलटेल याचा एक साधा हिशोब असतो. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. इथली रस्ता-सुरक्षा यंत्रणा, एन.एच.टी.एस.ए., २००१ च्या मॉडेलपासून गाड्यांना उलटण्याबद्दलचे तारे देते त्याच्या मुळाशी हाच आकडा आहे. समजा चाकांमधलं अंतर ६० इंच आणि गुरुत्वमध्य २७ इंचांवर. आकडा आला १.११. गुरुत्वमध्य तीन इंच वर न्या, आकडा आला १.००. दिसायला फरक छोटा, पण हायवेवर हरीण आडवं आलं आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवलं, तर तो छोटा फरक छोटा राहत नाही. आणि प्रामाणिकपणे सांगा, तुमच्या ट्रकचे शंभरातले किती मैल दगडांवर होतात आणि किती हायवेवर?

हेडलाइट वर गेले की समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ते पुन्हा खाली वळवून घ्यायचं कितीजणांच्या लक्षात राहतं? बॉनेट वर गेलं की समोरचं लहान मूल दिसेनासं होतं. स्पेसर काढायच्या आधी मी एकदा ड्रायव्हरच्या सीटवर बसून माझ्या मुलीला बॉनेटपुढून चालायला सांगितलं. तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या डोक्यावरचा रबरबँडही दिसला नाही. तुमच्या घरी मूल असेल तर हा प्रयोग नक्की करा. इंजिन बंद ठेवून.

नॉर्थ कॅरोलायना राज्याने २०२१ मध्ये एक कायदा केला. पुढची बाजू मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच करून, नाक वर काढून फिरणाऱ्या ट्रकांवर बंदी. म्हणजे चालवणाऱ्याला रस्त्याऐवजी आभाळ दिसेल अशी गाडी लोक पैसे देऊन करून घेत होते आणि ते थांबवायला सरकारला कायदा करावा लागला! दगडांवर जायला यातलं काही लागत नाही. हे फक्त ‘उंची वाढवून मिळेल’.

"अरे, पण हौस असते एखाद्याला," असं आमच्यातली सगळ्यात चांगली चालवणारी मैत्रीण मला म्हणाली. (तिच्या ट्रकला लिफ्ट नाही, हे जाता जाता.) असते ना. मलाही होती. हौसेला हौस म्हणा, माझी काही तक्रार नाही. एक इंच बॉडी लिफ्ट करा, छान दिसतं म्हणून करा आणि तसं सांगा. मला चीड येते ती हौसेला ‘क्षमता’ म्हणण्याची. स्पेसर टाकलेला माणूस बॉडी लिफ्टवाल्याकडे ज्या नजरेने बघतो, तिची. गाडीखाली कधीही आडवा न झालेला माणूस दुसऱ्याला सल्ला देतो, त्याची.

मग करायचं काय? मी माझ्यापुरता एक नियम केला आहे, आणि तो बाबांच्या उताणं होण्यातून आलेला आहे. आधी आहे तशी गाडी घेऊन एक उन्हाळा डोंगरात जा. परत आलात की गाडीखाली शिरा आणि ओरखडे वाचा.

टायर मडगार्डला घासलाय? एक इंच बॉडी लिफ्ट, किंवा मडगार्डचं प्लॅस्टिक थोडं कापा. फुकटात होतं.

पोट घासलंय, चौकट किंवा गिअरबॉक्सची पट्टी? मग सस्पेन्शन. पण खऱ्या स्प्रिंग आणि खरे शॉक, दीड-दोन इंचांच्या आत, आणि ब्रेकचा तो दांडा जुळवून घेऊन. किंवा पोटाखाली जाड पत्रा लावा, अनेकदा तेवढं पुरतं.

डिफरन्शियलचा गोळा घासलाय? टायर. दुसरं काही नाही. किंवा दगडावर चाक चढवायला शिका, दगड चाकांच्या मधून घालवू नका. हा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लोकप्रिय.

काहीच घासलं नाही? मग काहीच करू नका. पैसे वाचवा आणि आईला तिकीट पाठवा.

माझ्या ट्रकला आज पुढे दीड इंच लांब स्प्रिंग आणि त्यांचे शॉक आहेत, मागे दबलेले पाटे बदलून नवे घातलेत, टायर २६५/७५. बॉडी लिफ्ट नाही. पार्किंगमध्ये तो अजूनही शेजारच्यापेक्षा ठेंगणा दिसतो. गेल्या उन्हाळ्यात सिनॅमन पास करून आला. ते स्टूल गॅरेजात आहे, टाकून द्यावंसं वाटत नाही.

असो. फार लांबलं. शनिवारच्या मित्राला एवढंच सांगणं, की येत्या रविवारी ट्रक घेऊन ये. जुनी सतरंजी मी देतो, खाली अंथरून दोघं आडवे होऊ. त्यानंतरही वाटलं तर खुशाल उंच कर.

ता. क. पुण्याच्या मावसभावाने हाच प्रश्न थारसाठी विचारला होता, त्याचं उत्तर इथेच देतो. अरे, तुझी गाडीही चौकटीवर बसलेली आहे, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड ॲक्सल, म्हणजे वरचं सगळं गणित तुलाही लागू. तुझ्याकडे मुळातच २२६ मिलिमीटर क्लिअरन्स आहे. शिवाय तुझ्याकडे कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा रोख असा, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. तेव्हा आधी मावशीला विचार, तिला दारातून चढता येतं का. माझं उत्तर त्यातच आहे. :)